फराळ खाण्यात धरत नाहीत

माझा स्वभाव तापट आहे, असं आमच्या घरात सर्वमान्य आहे. मला ते मान्य नाही. मी अचूक आहे, आणि अचूक माणूस ढिसाळ लोकांत राहिला की तापट दिसतो. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. तावावर एखादी रेघ केसाएवढी सरकली किंवा शाईचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा पसरला, की माझं बोट बरोबर तिथे जायचं. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि पितळी मुठीचं एक भिंग दिलं. शाल उत्तराने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाटात ठेवली. नारळाची चटणी झाली. भिंग अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात असतं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून मी, बाळाजी, बावळट आहे असं कुणीही म्हणेल, आणि ते मला सहन होणार नाही.

जूनमध्ये माझी साखर तपासली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी असते, तिचा आकडा सात पूर्णांक चार आला. जेल रोडला एक नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या, मूळच्या केरळच्या. नवरा देवळाली कॅम्पला तोफखान्यात, म्हणून इकडे आलेल्या. नाशकात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि पेशंटांशी बोलून बोलून मराठी शिकत होत्या. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की तीन महिने खाण्यावर ताबा ठेवा, रोज जे खाल ते वहीत लिहा, आकडा सातच्या खाली आणा. नाहीतर गोळ्या, आणि पुढे कदाचित इंजेक्शन. इंजेक्शन हा शब्द ऐकला तरी माझा उजवा दंड दुखायला लागतो. लहानपणापासून लागतो.

घरी येऊन मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने चार रकाने आखले: न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळ, रात्रीचं जेवण. मग विचार केला की खाण्यावर ताबा म्हणजे काय, तर न खाणं. आणि न खाण्याची सोय आपल्याकडे पूर्वजांनी करूनच ठेवलेली आहे. महादेवाचा सोमवार, दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार, महिन्याच्या दोन एकादश्या आणि एक संकष्टी असे उपवास मी धरले. उत्तराला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी माझ्यावर एकदाही तोंड टाकलं नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्याकडे उपवासाच्या दिवशी माणूस जेवत नाही. फराळ करतो. जेवण वेगळं आणि फराळ वेगळा, हे कुणाला समजावून सांगायची वेळ साठ वर्षांत माझ्यावर आली नव्हती. शेजाऱ्याने दुपारी विचारलं, जेवलात का, की आपण सांगतो, नाही, आज उपवास आहे, आणि सांगताना ढेकर आवरतो. त्यात खोटं काही नसतं. जेवलेलो नसतोच.

म्हणून उपवासाच्या दिवशी मी वहीतल्या चारही रकान्यांतून लाल शाईने एक सरळ आडवी रेघ ओढत असे. सकाळी तूप-जिऱ्याची साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि वाटीभर गोड दही. बारा वाजता साबुदाण्याचे वडे, चार. उत्तरा पाचवा वाढायची, तो मी नको नको म्हणत घ्यायचो. चारला चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत. रात्री भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि तोंड गोड म्हणून राजगिऱ्याचा लाडू. हे सगळं आटोपलं की हात धुऊन मी वही उघडायचो आणि पट्टी लावून रेघ मारायचो. रेघ मारताना फार पवित्र वाटायचं.

चारच्या कुरकुरीत वस्तूची व्यवस्था आमच्या जावयाने केली. योगेश देवळ्याचा, घरची कांद्याची शेती, पण याला दर सहा महिन्यांनी नवीन एजन्सी घ्यायची हौस. सोलर कंदील झाले, डास मारायच्या बॅटी झाल्या. श्रावणात तो आला तो एक खोकंच घेऊन आला. आत कसावाच्या चिप्स. कसावा म्हणजे एक कंद, रताळ्याचा थोरला भाऊ समजा, बाहेरून खोडासारखा आणि आतून पांढराशुभ्र. पाकिटावर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, ‘ग्लूटेनमुक्त. मातीतलं आरोग्य. उपवासाला चालते.’ योगेशने सोफ्यावर बसून भाषण दिलं. मैदा नाही, गहू नाही, थेट जमिनीतून तोंडात. आफ्रिकेतले अर्धे लोक यावर जगतात आणि बघा कसे पळतात.

मी भिंग काढून पाकीट तपासलं. हिरव्या पानाचा रंग बाह्यरेषेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर सरकला होता. हे मी योगेशला स्पष्ट सांगितलं. मागच्या बाजूला बारीक आकड्यांचा एक तक्ता होता, तोही पाहिला. आकडे मात्र ठसठशीत उठले होते, कुठेही शाई फुटलेली नव्हती. तक्ता मला पसंत पडला. त्यात काय लिहिलंय ते वाचायचं मला सुचलं नाही, कारण चौतीस वर्षांत मी नोटेवर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं, कसं छापलंय ते पाहिलं होतं.

उत्तराला शंका आली की हा परका कंद उपवासाला चालतो का. पाकिटावर छापलं म्हणून ती मानणार नव्हती. तिचा भाऊ पंचवटीत असतो, रामकुंडावर यजमानांची पूजा सांगतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ताई, साबुदाणा याच कंदाचा करतात, लेक चालते तर आई का नाही चालणार. उत्तरा फोन ठेवून डब्यातला साबुदाणा हातावर घेऊन बघायला लागली. साबुदाण्याचं झाड असतं आणि त्याला ज्वारीसारखी कणसं लागतात, अशी तिची पन्नास वर्षांची समजूत होती. पण निकाल मिळाला, आणि त्या दिवसापासून माझ्या फराळात लेकीबरोबर आईही आली. दर उपवासाला दोन पाकिटं.

सप्टेंबरात मी ताठ मानेने वही घेऊन दवाखान्यात गेलो. आकडा आठ पूर्णांक सहा आला. वजन पाच किलोनं वाढलं होतं.

डॉक्टरबाईंनी वही हातात घेतली. पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलत गेला. मधल्या दिवसांत सगळं व्यवस्थित होतं, दोन पोळ्या, भाजी, वरण, ताक. पण ब्याण्णव दिवसांपैकी त्रेचाळीस दिवसांवर लाल रेघ. त्यांनी बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं.

“काका, ह्या दिवशी तुम्ही खरंच काय नाही जेवला?”

“उपवास,” मी सांगितलं. “आणि मी उपवास कधी मोडत नाही.”

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. महिन्यातले पंधरा दिवस अन्नाचा कण पोटात नाही आणि माणूस वाढतोय, साखर चढतेय, असं त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, पोटाची सोनोग्राफी, आणि ज्यांची नावं मला उच्चारताही येत नाहीत अशा आणखी चार तपासण्या त्यांनी लिहून दिल्या. कोचीतल्या त्यांच्या सरांना विचारते म्हणाल्या. केस दुर्मिळ दिसते, हा शब्द त्यांनी वापरला.

खरं सांगतो, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी दोन माणसं होतो. एक मनातल्या मनात मृत्युपत्र लिहीत होता. दुसऱ्याला वाटत होतं, बघा, मी साधा मधुमेही नाही. बिटको चौकात ओळखीचे दोघे भेटले, त्यांना मी जरा मोठ्यानेच सांगितलं, दुर्मिळ आहे म्हणतात.

आठवडाभरात भीतीने गर्वावर मात केली. तपासण्या एकेक करून चांगल्या येत होत्या, आणि प्रत्येक चांगल्या तपासणीने माझं भय वाढत होतं, कारण जे सापडत नाही ते फार खोल असणार. मी आवराआवर सुरू केली. पंचांगांचा संच मंदिराला दिला. वरच्या मजल्यावरच्या संतोषला, ज्याच्याशी पार्किंगवरून मी अकरा वर्षं बोलत नव्हतो, जिन्यात थांबवून माफ केलं. तो म्हणाला की चूक त्याची नव्हतीच. मी तेही माफ केलं. मग योगेशला आणि सायलीला, आमच्या मुलीला, देवळ्याहून बोलावून घेतलं आणि स्कूटरची किल्ली जावयाच्या हातावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने डोळे पुसून सर्व्हिसिंग कधी केलं होतं ते विचारलं, आणि निघण्यापूर्वी पुढच्या फळीवर कांद्याची गोणी मावते का तेही उभं राहून पाहिलं.

या काळात उत्तरा एका बुधवारी एकटीच रिक्षा करून आनंदवल्लीला नवश्या गणपतीला जाऊन आली. काय मागितलं ते मी विचारलं नाही, तेवढं मला कळत होतं. त्यानंतर माझ्या फराळात मात्र तिने कसूर ठेवली नाही. आजारी माणसाला ताकद हवी म्हणून खिचडीवर तूप वाढलं, पाचवा वडा आता न विचारता येऊ लागला. मला वाढायची आणि म्हणायची, तुम्ही घ्या, मी नंतर खाते. मी घ्यायचो.

असे सव्वा महिना गेल्यावर, एका सोमवारी दुपारी, सगळे कागद घेऊन आम्ही दोघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. थंडी पडायला लागली होती, उत्तराने माझीच ती निवृत्तीची शाल पांघरली होती. डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. सगळं चांगलं होतं. त्यांना काहीच कळत नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. आता मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस ठेवून बघावं लागेल म्हणाल्या. काही खायला न देता, चोवीस तास नजरेखाली, दर दोन तासांनी रक्त काढून.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा सुया. मी मनातल्या मनात छत्तीसपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून उत्तरा हळूहळू खाली घसरली.

पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी तिचं नाव घेत होतो एवढं आठवतं. डॉक्टरबाईंनी तिला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं, दंडाला पट्टा गुंडाळला, बोटाला सुई टोचली. रक्तदाब खाली आणि साखर बासष्ट. माझी साखर इतकी वर असताना एकाच घरात हिची इतकी खाली कशी, म्हणून त्या एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागल्या.

“काकू, आज काय खाल्ला?”

“काही नाही,” उत्तरा डोळे मिटूनच म्हणाली. “सोमवार.”

“काकांचा पण सोमवार?”

“हो तर. कडक आहे त्यांचा.”

“मग काकांनी सकाळपासून काय नाही घेतला?”

“छे, उपाशी कसं ठेवीन त्यांना,” उत्तरा म्हणाली. “खिचडी दिली बशीभर, नंतर पाच वडे, दही, आणि निघताना त्या चिप्सचं एक पाकीट.”

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी माझी वही पुढे ओढली, आजच्या पानावर मी सकाळीच आगाऊ मारून ठेवलेली लाल रेघ होती, तिच्यावर बोट ठेवलं आणि ते बोट तसंच ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. चौतीस वर्षं मी लोकांच्या चुकांवर असंच बोट ठेवत आलो होतो. ते असं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, पण तो फराळ आहे, तो खाण्यात धरत नाहीत. हे मी पूर्ण आत्मविश्वासाने सुरू केलेलं वाक्य होतं. शेवटी शेवटी ते ढासळलं.

त्यांनी विचारलं, खिचडी कशाची, वडे कशाचे. साबुदाणा त्यांनी दुकानात पाहिला होता, पण तो इकडे लोक देवाच्या नावाने पोटभर खातात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तो कंदाचा असतो म्हणून सांगितलं आणि पुरावा म्हणून खिशातलं उरलेलं अर्धं पाकीट टेबलावर ठेवलं. पाकिटावरचं कंदाचं चित्र पाहून त्या एकदम हसल्या, पहिल्यांदाच. खालचा कप्पा उघडून त्यांनी आपला जेवणाचा डबा काढला. वरच्या पुडात हळद आणि खोबरं लावून कुस्करलेला पांढरा कंद होता. खालच्या पुडात लालभडक माशाचं कालवण.

“हा तोच. आमच्याकडे रोज,” त्या म्हणाल्या.

माझा एकादशीचा पवित्र कंद माशाच्या शेजारी सुखाने बसलेला पाहून मी खुर्ची जरा मागे घेतली. टेबलावर आडवी पडलेली उत्तरा मात्र मान वळवून डब्यात बघत होती. तिने क्षीण आवाजात विचारलं, यात जिरं घालता का.

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी ते निमूट ऐकलं. कंदाचा दोष नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या गावात लोक तो सोलून, भरपूर पाण्यात चांगला शिजवून, ते पाणी फेकून देऊन मगच खातात. कच्चा कधीच नाही, तो बाधतो. त्यात थोडा चोथा असतो, थोडं क जीवनसत्त्व असतं, गहू न सोसणाऱ्याला तो बरा. पण प्रथिनं त्यात नावाला, म्हणून शेजारी मासा. आणि खाणारा माणूस दिवसभर शेतात राबतो. साबुदाण्यात त्या कंदाचा निव्वळ पिठूळ भाग उरतो, बाकी सगळं धुऊन जातं. तो पोटात गेला की साखर होऊन धावत सुटतो. तोच तेलातुपात, वर बटाटा, वर गोड दही, आणि खाणारा माणूस दिवसभर रेघा मारतो. दाण्याचं कूट तेवढं कामाचं, म्हणाल्या.

मग त्यांनी चिप्सचं पाकीट उलटं केलं आणि मला भिंग काढायला सांगितलं. मी तो ठसठशीत तक्ता आयुष्यात पहिल्यांदा वाचला, आणि मोठ्याने वाचावा लागला. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं चौसष्ट, चरबी तीस, प्रथिनं दीड. एका पाकिटाचं वजन पंचाहत्तर ग्रॅम. छपाईत एकही दोष नव्हता.

म्हणजे मला कोणताही दुर्मिळ आजार नव्हता. मला फराळ झाला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच सुमारास स्कूटर आठवली.

पण उत्तराचं काय? डॉक्टरबाईंनी तिच्यासाठी ग्लुकोजचं पाणी कालवलं तर ती घेईना. तेव्हा ते बाहेर आलं. त्या बुधवारी तिने गणपतीला सांगितलं होतं की ह्यांचा आकडा सातच्या खाली येईपर्यंत सोमवार, गुरुवार आणि शनिवार ती निव्वळ पाण्यावर राहील. एक कप दूध, तेही संध्याकाळी. फराळ नाही, फळ नाही, काही नाही. सव्वा महिना आठवड्याचे तीन दिवस ती स्वतः उपाशी राहून माझे वडे तळत होती.

डॉक्टरबाई व्यवहारी बाई. संध्याकाळचं दूध आत्ता चालेल का एवढं विचारून त्यांनी कंपाउंडरला समोरच्या टपरीवर पिटाळलं आणि त्या एका कपात पाच चमचे साखर घातली. साखर नको असं ठरलं नव्हतं, हे उत्तराने आठवून पाहिलं आणि मग ती प्याली. तिच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ उमटली. मी त्या रेघेकडे बघत बसलो. माझ्या वहीत त्रेचाळीस आणि वर वीस-बावीस रेघा होत्या, आणि ज्या एका माणसाच्या नावाने त्या मारायला हव्या होत्या त्याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

रिक्षात बसल्यावर मी तिला विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं का कधी, तू जेवलीस का म्हणून?” ती म्हणाली, आणि शाल सारखी करून बाहेर बघायला लागली.

मला राग आला. नेहमीसारखा दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आला. टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसणाऱ्या माणसाला समोर बसून वाढणारी बायको वाळत चाललेली दिसली नव्हती.

घरी पोचताच मी पंचवटीला फोन लावला आणि मेव्हण्याला सांगितलं की हा नवस मोकळा करून दे. तो म्हणाला, दाजी, कंदमुळांपुरतं माझं ठीक आहे, नवस हा तिचा आणि गणपतीचा मामला. उत्तराला समजावलं, विनवलं, थोडा आवाजही चढवला. तिने ऐकलं नाही. गणपतीला शब्द दिलाय, तुमच्या मूर्खपणाने तो बदलत नाही, असं म्हणून तिने विषय संपवला. एकच वाट उरली. आकडा सातच्या खाली. जितके दिवस मी लावीन तितके दिवस ही उपाशी.

डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या सुरू केल्या, आणि गोळ्या चालू असताना माझे सगळे उपवास बंद केले. ही शिक्षा काय होती ते सांगतो. सोमवारी दुपारी माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाची उसळ, आणि समोर उत्तरा पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली. ज्याने आयुष्यात उपवास मोडला नाही तो मी रोज वेळेवर, नेमाने, हुकुमाप्रमाणे जेवत होतो, आणि प्रत्येक घास गिळताना तो घशात वळून माझ्याकडे बघत होता. मी चोरून एक वडा खाल्ला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण एक वडा म्हणजे तिचा आणखी एक गुरुवार, हा हिशेब डोक्यातून जाईना. मी चिप्सचं खोकं योगेशला परत पाठवलं. त्याने फोनवर सांगितलं की स्कूटर फार छान चालते, कांद्याच्या दोन गोण्या बसतात. मी तिचा विषय काढू शकलो नाही. मरणार नाही म्हणून किल्ली परत दे, हे जावयाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यामुळे चालणं आलं. भाजीला बिटको, देवाला मुक्तिधाम, गोळ्यांना जेल रोड, सगळीकडे पायी. जिन्यात संतोष भेटायचा, तो आता रोज बोलायचा, कारण मी त्याला माफ करून बसलो होतो. पार्किंगमधली माझी जागा त्याने वापरायला घेतली. मला स्कूटर नव्हती, त्यामुळे भांडायला कारणही नव्हतं. हा काळ मला फार कठीण गेला.

जानेवारीच्या एका सोमवारी तपासणीचा निकाल मिळणार होता. आदल्या दिवशी मी उत्तराच्या नकळत वाटीभर साबुदाणा भिजत घातला. आकडा सातच्या वर आला असता तर त्याचं काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. ठरवायची भीती वाटत होती.

सहा पूर्णांक आठ.

डॉक्टरबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला, मी भिंग काढून दोनदा वाचला, आणि तिथून आम्ही रिक्षाने थेट आनंदवल्लीला गेलो. उत्तरा गणपतीसमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. मी तिच्या मागे उभा होतो. मी काही मागितलं नाही, मला लाज वाटत होती.

घरी आल्यावर तिला मी ओट्याजवळ येऊ दिलं नाही. वडे मी तळले. साबुदाण्याचा वडा नीट न वळता तेलात सोडला की फुटतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला फुटला तेव्हा मी दाराआड गेलो. दुसरा फुटला तेव्हा उत्तराने पलीकडच्या खोलीतून विचारलं की बंदूक कुठून आणली. पुढचे चार जमले. एक जरा काळा होता. बशीत मांडून, चटणी आणि दही घेऊन मी तिच्यासमोर बसलो, आणि तिने पहिला घास मोडला. तीन महिन्यांनी ती सोमवारी काहीतरी चावत होती. मीठ कमी पडलंय, असं ती म्हणाली. मला रडू आलं, तर तिने कांद्याचा तर वास नाही म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

तिने शेवटच्या वड्याचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला. तेवढा चालेल, डॉक्टरबाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं. तो मी दहा मिनिटं पुरवून खाल्ला.

मग हात धुऊन वही उघडली. आता तिच्यात पाचवा रकाना आहे, वर ‘उत्तरा’ असं लिहिलेला, रोज भरतो. विचारून भरतो. त्यात लिहिलं: साडेतीन वडे, चटणी, दही, मीठ कमी. माझ्या बाजूला लिहिलं: अर्धा वडा. भिंग लावून दोन्ही नोंदी तपासल्या आणि वही मिटली.